कार्तिकातली लेंगी

ते २०१९ साल होतं. दिवाळी होऊन गेली होती, परतीचा पाऊस जायचं नाव घेत नव्हता, आणि वेचणीला आलेला कापूस बोंडातच भिजून काळवंडला होता. मी यवतमाळच्या एसटी स्टँडवर दारव्ह्याच्या गाडीची वाट पाहत बसले होते. दारव्ह्याला माझी भाची संगीता राहते, तिच्याकडे जेवायला जायचं होतं. काम असं काही नव्हतं. निवृत्त शिक्षिकेला कामं नसतात, निमित्तं असतात. आणि एक निमित्त असं, की माझा मुलगा सुनील त्या स्टँडवर कंट्रोलर होता. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते माइकवरून सांगायचा. त्याची ड्यूटी असेल अशाच वेळी मी प्रवासाला निघायची. पोटच्या पोराचा आवाज छताच्या भोंग्यातून ऐकत बसण्यात एक सुख असतं. तो सगळ्यांशी बोलत असतो आणि आपण त्या सगळ्यांत गुपचूप बसलेले असतो. त्या दिवशी त्याने पुसदची गाडी सांगितली, "दिग्रस मार्गे" म्हणाला, आणि त्याच श्वासात, जणू तेही वेळापत्रकातच आहे अशा सहजपणे, लेंगी गाऊ लागला.

लेंगी म्हणजे आमच्या बंजारा तांड्यांवरची होळीची गाणी. डफाच्या तालावर, गोल फेर धरून, पुरुष ती रात्र रात्र म्हणतात. भोंग्यातून ती ऐकून स्टँड हसला. कॉलेजच्या पोरींनी मोबाइल वर धरले. "आज कंट्रोलर रंगात हाये," असं माझ्यामागे कोणी तरी म्हणालं, आणि मीही हसले. थेट नानावर, म्हणजे माझ्या वडिलांवर गेलाय, असं मनात आलं. ते मनात येणं इतकं जुनं होतं, की त्याला विचार म्हणायलाही नको. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, पेटिया हा आमचा घागरा नेसलेली, आमच्यातलीच, माझ्याहूनही थकलेली. तिने मान कलती करून गाणं ऐकलं आणि मला आमच्या गोरबोलीत विचारलं, "बाई, होळी आली का गं जवळ? मले तं आता महिने कळत नाहीत." मी म्हणाले, "नाही, अजून लई लांब हाये. हा कार्तिक." तिला बरं वाटलं, की आपण चुकलो नव्हतो. मग ती गाठोडं उचलता उचलता सहज म्हणाली, "मंग हा कायले गाऊन राह्यला?" आणि तिच्या गाडीकडे निघून गेली.

माझी गाडी लागली, भरली आणि गेली. मी उठले नाही. का ते मला कळत नव्हतं, किंवा कळत होतं आणि मी ते अजून शब्दांपर्यंत येऊ देत नव्हते. माझे वडील डोंगरसिंग दारव्ह्याकडच्या आमच्या तांड्यावर लेंगीचे म्होरके होते. महाशिवरात्र झाली की त्यांच्यात काही तरी वर चढायला लागायचं. डफाची कातडी जाळावर शेकून ते ती बोटांनी वाजवून बघत, आणि प्रत्येक वेळी ऐकू येणाऱ्या आवाजाने स्वतःच चकित होत. या तांड्यावरून त्या तांड्यावर पायी जात. एकदा एका परक्या गावच्या गाणाऱ्याला त्यांनी आमचं वासरू देऊन टाकलं, का तर त्याने एक ओळ नवीन म्हटली होती. झोपत नसत. जेवत ते उभ्यानेच. डोळे असे, की लहानपणी मला वाटायचं यांच्या डोळ्यांत कोणी तरी काजळासारखा उजेड घातला आहे. तांडा त्यांच्यावरून जीव ओवाळून टाकायचा. होळीत सगळेच जागतात, सगळेच गातात, सगळेच थोडे वेडे होतात. सगळा तांडा जागा असताना एका माणसाची झोप उडाली आहे, हे कोणाला कळणार होतं? आमच्यात तो आजार ठरूच शकत नव्हता. ते आमच्यातले सर्वांत चांगले होळीकर होते, इतकंच.

आणि मग आषाढ यायचा. पेरणीच्या दिवसांत आई, रामीबाई, एकटीच तिफनीमागे चालायची आणि वडील भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. कुडाच्या त्या भिंतीवर शेणाच्या सारवणात बोटांचे ठसे होते, आईच्याच. ते त्या ठशांकडे दिवस दिवस बघत. मी भाकरी घेऊन गेले की म्हणत, "ठेव, बेटा," आणि भाकरी संध्याकाळी तशीच असायची. लोक विचारायला आले की आई सांगायची, "ताप हाये." तांड्याला तेवढंही लागत नसे. तांड्याकडे त्यासाठी शब्द तयारच होता: "होळी उतरून राह्यली त्याची." नशा उतरावी तशी. मी यवतमाळला डी.एड.ला होते त्या वर्षी, आषाढातच, ते सकाळी विहिरीकडे गेले आणि परत आले नाहीत. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. शेवाळ होतं, पाऊस होता, म्हणण्यासारखं होतंच. त्यानंतर घरात, लग्नांत, बैठकांत माझ्या वडिलांची गोष्ट निघाली की ती होळीचीच निघायची. वासरू देऊन टाकलं ते, पहाटेपर्यंत गायले ते. आषाढ कोणी सांगितलाच नाही.

सुनील झाला तेव्हा पहिल्या होळीला त्याची धुंड केली. वर्षभरात जन्मलेल्या मुलग्यासाठी आमच्यात हा विधी असतो. बाळाला मांडीवर घेऊन बसतात आणि गेरिये, म्हणजे होळी खेळणारे पुरुष, त्याच्या डोक्यावर आडव्या धरलेल्या काठीवर काठ्या आपटत आशीर्वाद गातात. माझा चुलतभाऊ बळीराम तांड्याचा नायक. त्याने काठी खाली ठेवली, बाळाची हनुवटी उचलली आणि जाहीर केलं, "डोंगरसिंग परत आला." बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. माझ्याही आलं. पोर त्याच गोष्टीवर वाढलं. नाना असा होता, नाना तसा होता. त्याचाही आवाज खरंच तसाच निघाला, आणि शहरात राहूनही तो दर होळीला तांड्यावर जाऊन म्होरक्या झाला. नोकरी लागली, शीलाशी लग्न झालं. शीला पुसदच्या बाजूची, बोलायला कमी, बघायला जास्त. त्या २०१९च्या पावसाळ्यात तो पडून होता. रजा टाकून, पाठ आमच्याकडे करून. गल्लीतल्या डॉक्टरने अशक्तपणा म्हणून सलाइन लावलं, ताकदीची इंजेक्शनं दिली. मग श्रावण सरता सरता तो एकाएकी उठून बसला, पोहे मागितले, आणि आम्हाला वाटलं सुटलो. दसऱ्यापासून त्याचा वेग वाढत गेला. पहाटे गाडी धुणं, माणसांना फोन, एकाच वेळी तीन कामं. शीला मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली होती, "आई, यांना कुठं तरी दाखवलं पाहिजे." मी म्हणाले, "अगं, काही नाही. माझे वडील अस्सेच होते." म्हणताना माझा आवाज अभिमानाने भरून आला होता, तो मला अजून आठवतो. तिने हातातली पोळी उलटली आणि विचारलं, "मग पुढं काय झालं त्यांचं?" मी म्हणाले, पाय घसरला. इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणाले. पोळी फुगली, तिने ती उतरवली.

बाकड्यावर बसल्या बसल्या मला तो प्रश्न पुन्हा ऐकू आला, आणि त्याच्या मागोमाग म्हातारीचा. दोन्ही बायकांनी एकच गोष्ट विचारली होती. इतकी वर्षं होळीने आमच्या डोळ्यांवर पदर ओढलेला होता, आणि आता कार्तिकात, होळी नसताना, तो सरकला होता. मी उठून सुनीलच्या खोलीकडे गेले. तो एका कानाला फोन लावून, दुसऱ्या हाताने काही लिहीत उभा होता. कपडे कडक इस्त्रीचे, बूट चकचकीत, आणि दाढी करताना हनुवटीवर चार ठिकाणी कापलेलं. "याडी!" आमच्यात आईला याडी म्हणतात. "बैस, बैस. वाहिदभाई, चहा सांगा हिच्यासाठी. या डेपोतले अर्धे ड्रायव्हर हिच्या हातचा मार खाल्लेले हायेत, म्हणून गाड्या वेळेवर निघतात." मी म्हणाले, "मी कधी मारलं रे कुणाला?" "म्हणूनच तं बाकीच्या अर्ध्या लेट हायेत." तिथले सगळे हसले. मग तो मला त्याची योजना सांगू लागला. प्रत्येक स्टँडवर गाड्या गोरबोलीत, गोंडीत, कोलामीत सांगायच्या, त्याही गाऊन, म्हणजे आडगावच्या म्हातारीला विचारत फिरावं लागणार नाही. एक वाक्य संपायच्या आत दुसरं त्याच्या पाठीवर चढत होतं. वाईट हे, की कल्पना चांगली होती. मला तिच्यात रमायचं होतं. मी त्याच्या शर्टाच्या कॉलरकडे बघत राहिले. कॉलर आणि मान यांच्यात माझी दोन बोटं गेली असती.

वाहिदभाई मला रिक्षापर्यंत सोडायला आले. वर्कशॉपमधले जुने मेकॅनिक, निवृत्तीला आलेले, सुनीलवर जीव असलेले. "बाई, बुरा नका मानू," ते म्हणाले. "भाऊ ड्यूटी संपली तरी घरी जात नाही. काल दोन गाड्यांचे फलाट उलटे सांगितले. मानसं धावली, एक बुढी पडता पडता वाचली. साहेब चांगले हायेत, पण किती दिवस चांगले राहतीन?" मग ते म्हणाले, "आमच्या नुजहतचं असंच झालतं. आमची भाची. शादीच्या नंतर. कधी अख्ख्या मोहल्ल्याले बिर्याणी, कधी उशीत तोंड. दर्ग्यावर नेलं, मन्नत मानली. मंग दवाखान्यात नेलं. आता दोन्ही चालू हाये. पीरबाबाबी नाराज नाही, डॉक्टरबी नाही." मी विचारलं, "दवाखान्यात केव्हा नेलं?" "उशीत तोंड घालून पडली तवा. पन त्यानं काय होते, डॉक्टरले अर्धंच दिसलं. बिर्याणीचं आम्ही सांगितलंच नाही. ते का बीमारी वाटते? आमाले वाटलं, लडकी खुश हाये."

दुसऱ्या दिवशी सुनीलची सुट्टी होती. त्याला घरात बसवत नव्हतं, म्हणून मीच म्हणाले, चल, दारव्हा रोडने फिरून येऊ. तो पुढे पुढे जाई, परत मागे येई, माझ्याभोवती एक चक्कर मारी. "याडी, तू तं शकुंतला रेल्वे झाली. निघाली तं निघाली, पोचली तं पोचली." मी म्हणाले, "नानाची गोष्ट सांगू?" "मले पाठ हाये." "आषाढातली सांगते." तो चालतच राहिला, पण माझ्या बाजूने. आम्ही गोरबोलीत बोलत होतो, आणि त्या भाषेत मला या गोष्टीसाठी एकही तयार वाक्य सापडत नव्हतं. होळीची वाक्यं शेकडो होती, सगळी गुळगुळीत झालेली. ही मात्र एकेक हाताने उकरून काढावी लागली. भिंत सांगितली. सारवणातले आईच्या बोटांचे ठसे सांगितले. "ठेव, बेटा" सांगितलं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की त्याची चाल मंदावली आहे. माझ्या गुडघ्यांसाठी असेल असं वाटलं. "पन नाना तं पाय घसरून गेला ना?" त्याने विचारलं. "सगळे तसं म्हणतात." "तू काय म्हणते?" रस्त्याच्या कडेला सोयाबीनच्या भुशाचं कुटार पावसात कुजत पडलं होतं, त्याचा आंबूस वास येत होता. मी म्हणाले, "नानाला पोहता येत होतं रे. अख्ख्या तांड्याला त्यानंच शिकवलं होतं."

तो मोरीच्या कठड्यावर बसला. किती तरी दिवसांनी मी त्याला बसलेला पाहत होते. "मले वाटे, नाना बाराही महिने होळीसारखाच होता," तो म्हणाला. "अन् मीच असा निघालो, अर्धा. जुलैत पडून होतो तवा वाटे, त्याच्या नावाले बट्टा लावून राह्यलो." मग, माझ्याकडे न बघता, "याडी, एकदा मी बेंबळा नदीच्या पुलावर गाडी उभी केलती. काही केलं नाही. नुसता उभा होतो. शीलाचा फोन आला. दही घेऊन ये म्हने." मी विचारलं, "मग?" "मंग दही आनलं." मला ते दही आठवलं. आंबट आहे म्हणून मी नावं ठेवली होती त्याला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाच्या आतली हाडं हलत होती, तो रडत होता की हसत होता हे मला पाठीवरून कळेना. "पन आता तं मी बरा हावो," तो म्हणाला. "आता काहून जायचं डॉक्टरकडे?" मी म्हणाले, "आता तू माझ्याबरोबर चालतो आहेस म्हणून. भिंतीकडे तोंड केलंस की मी हाक मारलेली तुला ऐकू येत नाही." "गोळ्यायनं आवाज गेला तं?" मी त्याला सांगितलं, ते मला माहीत नाही. आणि म्हणाले, "भोंग्यातला गेला तरी चालेल मला. घरातला राहू दे."

तो हो म्हणाला, आणि घरी पोचेपर्यंत त्या होचं नाही झालं. संध्याकाळी त्याने बळीरामला फोन लावला, आणि सकाळी नायक धोतर सावरत आमच्या दारात. तो मला म्हणाला, "सोनी, हे काय ऐकून राह्यलो? देवीनं दिलेला गळा दवाखान्यात जमा करते काय?" मी भियाला, माझ्या या भावाला, चहा दिला. तो तांड्याच्या मानाचं बोलला, डोंगरसिंगचं बोलला, पोर जरा आनंदात दिसलं की शहरातल्या बायकांना भीती कशी वाटते ते बोलला. शीला दारात उभी होती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "मामाजी, होळी महिनाभराची. तेवढ्यापुरते हे तुमचे. आषाढात कोणी आलं होतं का यांना बघायला?" बळीराम म्हणाला, "आषाढात पेरनी असते, बाई." बशीतला चहा त्याने पुन्हा कपात ओतला, जणू तो प्यायचा राहूनच गेला होता. डोंगरसिंगच्या वेळीही पेरणीच होती. विहिरीवर सर्वांत आधी पोचलेल्यांत बळीराम होता, तेव्हा विशीतला पोरगा. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने तो उठला आणि सुनीलला म्हणाला, "चाल. मीबी येतो. डॉक्टरले सांगतो, गळा सोडून बाकी सगळ्याले औषध द्या."

असे आम्ही चौघे सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांच्या खोलीबाहेर बसलो. मला वाटलं होतं तिथे काही वेगळी माणसं असतील. बाजाराच्या दिवशी भेटतात तशीच होती. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनींपैकी असावी इतकी लहान. तिने दुःखाबद्दल विचारलं तेव्हा सुनील थोडंसं बोलला. मग तिने विचारलं, "आणि हा आनंद केव्हापासून आहे?" आनंद केव्हापासून आहे, हे आमच्या घराण्यात कोणी कोणाला विचारलं नव्हतं. झोप किती लागते, न झोपताही थकवा येत नाही का, बोलण्याआधी विचार पळतात का, घरात आणखी कोणाला असं होतं. शेवटच्या प्रश्नावर मी तोंड उघडलं, आणि माझ्या आधी बळीराम बोलला. "माह्या काकाले," तो म्हणाला. "डोंगरसिंगले. त्याचा पाय घसरला नव्हता." डॉक्टर आजाराचं नाव एकाच भेटीत पक्कं करत नव्हती, पण तिने ते सांगितलं, बायपोलर, आणि समजावलं की यात मन दोन टोकांना जातं, एकदा फार वर, एकदा फार खाली. वरच्या टोकाला असताना कोणी आलं तर तिचं काम सोपं होतं, कारण खाली गेलेल्या माणसाला आपण कधी वर होतो हेही आठवत नाही. गोळ्या, रक्ताच्या तपासण्या, झोपेची वेळ. सुनीलने विचारलं, "गाता येईल?" ती म्हणाली, "गा की. फक्त रात्री झोपायचं."

बळीराम कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याच्या आधीच्या होळीत त्याने लेंगी मध्येच थांबवून सुनीलला सगळ्यांसमोर हुकूम केला होता, "म्होरक्या, जाय, झोपाची वेळ झाली," आणि तांड्याने तेही चालवून घेतलं. वाहिदभाई निवृत्त झाले. मुलाच्या, अब्रारच्या, गॅरेजात खुर्ची टाकून बसतात आणि त्याला सारखे सल्ले देतात. नुजहत घरी शिवणाचे वर्ग चालवते. ती बिर्याणी अजूनही करते, पण घरापुरती. संगीताच्या घरचं जेवण राहिलं ते राहिलंच, त्याबद्दल ती अजून रागावते. ती म्हातारी मला पुन्हा कुठे दिसली नाही. शीलाने परगावच्या नातेवाइकांना खरं सांगायला सुरुवात केली, आयुष्यभर शाळेत शिकवूनही जे वाक्य माझ्या तोंडात बसत नव्हतं ते तिने साध्या वाक्यासारखं सांगितलं, आणि काहींनी येणं कमी केलं. तिला त्याचं फार वाटलं नाही.

सुनीलचं सोपं गेलं असं नाही. माइकवरून काढून त्याला काही काळ पास देण्याच्या टेबलावर बसवलं. आवाज राहिला, पण हात थरथरतो, डफ आता दुसरा कोणी धरतो. एका वर्षी होळीनंतर त्याने मनानेच गोळ्या सोडल्या, आणि तो पावसाळा पुन्हा भिंतीचा गेला. पण त्या वेळी आम्हाला कुठे जायचं ते ठाऊक होतं, आणि जाताना त्यानेच रिक्षा बोलावली. मी आता पंचाहत्तरीकडे आले. गेल्या आषाढात, बाहेर सर येत होती, आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. सुनीलने वरणाचा घास घेतला आणि शीलाला म्हणाला, "यात मीठ हाये का नाही?" ती म्हणाली, "आहे." तो म्हणाला, "कुठं हाये? दाखव." दोघं मिठावरून भांडू लागले, चांगले आवाज चढवून, एकमेकांच्या माहेर-सासरच्या स्वयंपाकापर्यंत पोचले. मी मान खाली घालून जेवत होते. वरणात मीठ खरंच कमी होतं. मी कोणाचीच बाजू घेतली नाही, भांडण लवकर मिटू नये असं वाटत होतं.